फेफऱ्याच्या गोळ्या आणि गरोदरपण



फेफरे येणाऱ्या सुनेला दिवस गेले, की घरात पहिला सल्ला निघतो, "गोळ्या बंद कर, पोराला बाधतील." सल्ला मायेचा, पण घातक. गोळ्या एकाएकी थांबल्या तर फेफरे उसळते. ते विहिरीवर, चुलीपाशी आले तर आई आणि पोटातले मूल, दोघांच्याही जिवावर बेतते.

मग ही भीती खोटी का? अगदीच खोटी नाही. व्हॅल्प्रोएट हे औषध गरोदरपणी चालू राहिले तर शंभरांत सुमारे १० मुलांत जन्मतः व्यंग आढळते; एरवी दोन-तीन मुलांत. शिवाय शंभरांत ३० ते ४० मुलांची समज, बोलणे मागे पडते. लॅमोट्रिजिन, लेव्हेटिरासिटॅम यांचा धोका पुष्कळ कमी आहे. पण गर्भाच्या मज्जारज्जूची नळी पहिल्या २८ दिवसांतच मिटते. पाळी चुकल्याचे ध्यानात येईतो वेळ टळते. म्हणून औषध बदलायचे ते दिवस जाण्याआधी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. फॉलिक ॲसिडही तेव्हापासूनच.

दिवस गेलेच असतील, तर गोळी चालू ठेवून लगेच डॉक्टर गाठा.

गुरुजी, बाई, गावात तुमचा शब्द मानतात. लग्न ठरताना हा आजार लपवतात, मग सासरी गोळीही लपवावी लागते. ही लपवाछपवी तुम्ही थांबवा.