गोळी आपल्या मनाने सोडू नका
(पाड्यावरच्या बैठकीतलं भाषण)



वनहक्काच्या दाव्याचे कागद आपण प्लास्टिकच्या पिशवीत घालून जपतो. दवाखान्याचा कागद मात्र चुलीत जातो. जमीन मिळाली तरी ती कसायला अंगात ताकद पाहिजे. म्हणून आज टीबीच्या गोळ्यांबद्दल बोलते.

साध्या टीबीचं औषध ६ महिने चालतं, सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. सुरू केलं की लघवी लाल-केशरी होते. माणूस घाबरतो, रक्त पडतंय समजून गोळी बंद करतो. तो रिफाम्पिसिन औषधाचा रंग आहे. घामाला, डोळ्याच्या पाण्यालापण लागतो. त्याला भिऊ नका. मधेच गोळी सोडली तर टीबी हट्टी होतो, साध्या औषधाला ऐकत नाही, घरातल्या पोरांनाही लागतो.

पण काही खुणा धोक्याच्या आहेत. डोळे पिवळे होणं, सारखी उलटी, जेवण नकोसं होणं, ही लिव्हर बिघडल्याची खूण. नजर अंधुक होणं, लाल-हिरवा रंग नीट न कळणं, अंगभर पुरळ येणं. यातलं काही दिसलं तर पुढची गोळी घ्यायच्या आधी, त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा. हातापायाला मुंग्या आल्या तर तेही सांगा, त्यावर व्हिटॅमिनची गोळी देतात.

आता कशात काय मिसळू नये ते ऐका. ताडी, दारू बंद, या गोळ्यांबरोबर ती लिव्हर खाते. पाळणा लांबवायची गोळी या औषधाने कमजोर पडते, बहिणींनो, नर्सताईला दुसरा उपाय विचारा. शुगरची, फिटची गोळी चालू असेल तर डॉक्टरला दाखवा, डोस बदलावा लागतो. भगताचा झाडपाला घेत असाल तर लपवू नका. बोईसर-तारापूरला पाळी करून अंग दुखलं, की मेडिकलमधून मिळेल ती गोळी घेऊ नका. आधी आपला कागद दाखवा.

दिवाळीनंतर वीटभट्टीला जाणाऱ्यांनी निघायच्या आधी आशाताईला सांगा. निक्षय नंबरवर दुसऱ्या गावच्या सरकारी दवाखान्यातपण औषध चालू राहतं. खाण्यासाठी महिन्याला १००० रुपये खात्यात येतात. आले नसतील तर ग्रामसभेत विचारा, ते आपल्या हक्काचे आहेत.

आज घरी गेल्यावर एवढं करा. दवाखान्याचा कागद आणि गोळ्यांचं पाकीट दाव्याच्या पिशवीतच ठेवा.

जिंदाबाद!