थोरल्या आईंचे नाव काय?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषण करण्याची मला सवय नाही. मंडळाच्या बायकांनी आग्रह धरला म्हणून उभी राहिले आहे. तेव्हा आमच्या घरात घडलेली एक गोष्ट सांगते आणि शेवटी तुमच्याकडे एक मागणे मागते.

आमच्या गावच्या घरी देवघरात कांशाची एक जड चकती आहे. आकार तळहाताहून थोडा मोठा. तिच्यावर सिंह आहे आणि सिंहाच्या मागे हातात त्रिशूळ घेतलेली बाई उभी आहे. सिंह आणि त्रिशूळ म्हटल्यावर देवीवाचून दुसरी कोण असणार? सासूबाई दर दसऱ्याला ती चिंचेने घासत आणि हळदकुंकू वाहत. लग्न होऊन आल्यापासून मीही तेच करीत आले. कडेने इंग्रजी अक्षरे होती. पण आम्हां दोघींना ती कुठली वाचता यायला?

काही वर्षांमागे दिवाळीत माझी मुलगी ती पुसता पुसता थांबली. म्हणाली, "आई, ही देवी नव्हे. ही ब्रिटानिया, इंग्रजांच्या देशाची मूर्ती. आणि इथे चौकटीत आपल्या आडनावाच्या माणसाचे नाव आहे."

सासूबाई माजघरातून म्हणाल्या, "ते थोरले आजोबा. चौदा सालच्या लढाईत गेले. बसऱ्याला."

माझ्या सासऱ्यांचे ते चुलत आजोबा. 'बसऱ्याला गेले ते आलेच नाहीत' एवढेच घरात ठाऊक होते. पहिल्या महायुद्धात जे कामी आले त्यांच्या घरच्यांना देण्यासाठी इंग्रज सरकारने अशा तेरा लाखांवर चकत्या पाडल्या होत्या. तिच्यावर नाव असते, पण हुद्दा नसतो. मेल्यावर साहेब आणि शिपाई सारखे, असा त्यातला अर्थ.

पुढे मुलीने मोबाइलवर शोध केला. 'कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन' नावाची संस्था दोन्ही महायुद्धांतल्या मृतांची यादी ठेवते. त्या यादीत आजोबा सापडले. मराठा पलटण, शिपाई नंबर, वडिलांचे नाव, गाव, तालुका, जिल्हा सातारा, साल १९१६. आपल्या गावचे नाव त्या परक्या यादीत पाहून सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

त्या साली मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, काय झाले तेही मुलीने वाचून दाखविले. 'पूना डिव्हिजन' या नावाची सहावी डिव्हिजन कुत गावात तुर्कांच्या वेढ्यात सापडली होती. तिच्यात १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी होत्या. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत वेढा चालला. शिधा संपत आला, घोडी मारून खायची पाळी आली, आणि आपल्याकडच्या पुष्कळ शिपायांनी ते मांस कितीतरी दिवस तोंडाला लावले नाही. शेवटी शस्त्रे खाली ठेवावी लागली. पुढे कैदेत हजारो मेले.

ज्यांच्या थडग्याचा ठिकाणा नाही अशा चाळीस हजारांहून अधिक लोकांसाठी बसऱ्याला स्मारक आहे. पण भगिनींनो, त्या भिंतीवर गोऱ्या शिपायांची नावे एकेक करून कोरली. आपल्या साध्या शिपायांची कोरली नाहीत. पलटणीचे नाव आणि मेलेल्यांचा आकडा, एवढेच. २०२१ साली त्या संस्थेनेच हा भेद झाल्याचे कबूल केले आणि माफी मागितली. मला राग आला. घरी मी दोन दिवस तेच बोलत होते. माणूस द्यायचा आणि त्याचे नाव आकड्यात जायचे!

मग मुलीने दुसरी एक गोष्ट केली. हल्ली जगभर लोक आपल्या गेलेल्या माणसांचे एकेक पान संगणकावर ठेवतात. थडगे असेल तर त्याचा फोटो, नाव, गाव, तारखा. शिवाय आईबाप, पती-पत्नी, मुले. कोणी परका माणूसही तिथे चित्रातले फूल ठेवून जातो. आपल्यात थडगे नसते. अस्थी नदीत सोडल्या की माणूस फक्त नावाने उरतो. म्हणून तिने आजोबांचे पान केले, चकतीचा फोटो लावला. भरता भरता तिने विचारले, "आजी, पत्नीच्या जागी काय लिहू?"

सासूबाई म्हणाल्या, "थोरल्या आई."

"ते नाव नव्हे. नाव काय?"

घरात कोणालाच सांगता येईना.

या थोरल्या आई पंधरा-सोळाव्या वर्षी विधवा झाल्या. पुन्हा लग्न केले नाही. दिरांची मुले त्यांनी वाढविली. दर महिन्याला त्यांची पेन्शन येई, त्यावर त्या अंगठा उठवीत, आणि त्या पैशातून आमच्या घरची पहिली विहीर बांधली गेली. १९७२ च्या दुष्काळात त्या वारल्या. सासूबाई तेव्हा नव्या सून होत्या. त्यांनी त्यांच्या हाताखाली दोन वर्षे भाकऱ्या थापल्या. आणि नाव माहीत नाही! मोठ्यांचे नाव घ्यायचे नाही, ही रीत. सगळे 'थोरल्या आई' म्हणत, तेच नाव झाले.

आम्ही शोध केला. घरची वंशावळ काढली, तिच्यात सगळे पुरुष. ग्रामपंचायतीत गेलो, तर त्या सालची मृत्यूची वही वाळवीने खाल्लेली. पेन्शनचे कागद त्यांच्या मागे आवराआवर करताना चुलीत गेले. सासूबाईंना आठवले की त्यांचा तांब्याचा एक हंडा होता आणि त्यावर अक्षरे घातलेली होती. तो हंडा कुठे आहे? स्टीलची भांडी घेताना मोडीत घातला. कोणी? सासूबाईंनी आणि मी मिळून. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मी तो स्वतः उचलून दिला. अक्षरे वाचावीत हे माझ्या मनातही आले नाही. आणि मराठी वाचायला तर मला येत होते.

बसऱ्याच्या भिंतीवर रागावलेली मी! त्या भिंतीवर निदान आकड्यात तरी आजोबा आहेत.

मागच्या हळदीकुंकवाला मी सहज विचारले की, आजीचे लग्नाआधीचे नाव किती जणींना ठाऊक आहे? बावीस जणींत चौघींना सांगता आले. लग्नात तांदळात नवे नाव लिहिले, की जुने मागे राहते. आपण उखाण्यात त्यांचे नाव घेतो. आपले कोण घेतो?

नाही म्हणायला आता सरकारी कागदांत, १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आईचे नाव लावणे सक्तीचे झाले आहे. पुढच्या पिढीची सोय झाली. मागच्यांचे मात्र आपणच पाहिले पाहिजे.

शोधायच्या जागा सांगते. जुन्या दप्तरांत पुष्कळ वेळा बाईचे नाव असते. तहसील कचेरीत जन्ममृत्यूची जुनी नोंदवही असते, तिला कोतवाल बुक म्हणतात. बरेचसे लिखाण मोडीत असते, तेव्हा मोडी जाणणारा माणूस लागतो. त्यात 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा आणि 'कोम' किंवा 'भ्रतार' म्हणजे अमक्याची बायको. 'कोम'च्या आधी जे असते ते आपल्या आजीचे नाव. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांकडे घराण्यांच्या नामावळ्या असतात. यात्रेला गेलात तर गाव आणि आडनाव सांगून विचारा. आणि सर्वांत आधी माळ्यावरची भांडी पाहा. मोडीत घालण्यापूर्वी वाचा.

आता माझे मागणे. मंडळाने एक जाड वही घ्यावी. प्रत्येकीने एक पान भरावे: आपले, आईचे, सासूचे आणि दोन्हीकडच्या आज्यांचे नाव, माहेरचे आणि सासरचेही, गाव, आणि तिने काय केले ते एका ओळीत. घरात ऐंशीच्या पुढची बाई असेल तर आज रात्रीच तिच्याजवळ बसा. उद्यावर टाकू नका. आम्ही पन्नास वर्षे उशीर केला.

आजोबांच्या पानावर पत्नीच्या जागी मुलीने शेवटी 'थोरल्या आई' असेच लिहिले आहे. खरे नाव कळेल त्या दिवशी बदलू. चकती अजून देवघरातच आहे. देवी नव्हे हे आता आम्हांला ठाऊक आहे. तरी सासूबाई रोज फूल वाहतात. आता फुले दोन असतात. दुसरे कोणाचे, ते त्या सांगत नाहीत आणि मीही विचारीत नाही.

मंडळाच्या वहीत पहिले पान मी भरून आणले आहे. माझ्या आईच्या आईचे माहेरचे नाव मला माहीत नव्हते. मामीला फोन करून ते विचारून घेतले.