मन खंबीर कशाच्या आधारावर?
(स्थलांतरित कष्टकरी स्त्रियांच्या मेळाव्यातील भाषण)



सोलापुरात मी बावीस वर्षे विड्या वळल्या. काम वाईटच, दिवसभर मांडीवर सूप, छातीत तंबाखू. पण ओळखपत्र होते, प्रॉव्हिडंट फंड होता, मजुरीसाठी मोर्च्यात जायची सवय होती. लेकीच्या शिक्षणासाठी पुण्यात आले, चार घरचा स्वयंपाक धरला आणि नुसती 'स्वयंपाकाची बाई' झाले. तापाने आठ दिवस पडले, तर एका घरी सगळा महिना बुडवला.

जो तो सांगे, 'मन खंबीर ठेव.' कशाच्या आधारावर, ते कुणी सांगेना.

आधार मिळाला तो वस्तीतल्या बायकांचा. दुपारी तीनला आम्ही नळाजवळ बसू लागलो. कुठल्या घरी किती पोळ्या, किती पैसे, हे एकमेकींना उघड सांगितले, तेव्हा कुठे दर ठरवता आला. तिथेच कळले, की राज्यात घरकामगारांच्या कल्याण मंडळाचा २००८ चा कायदा आहे. अन्नसुरक्षेचे रेशनकार्ड दुसऱ्या जिल्ह्यातही चालते. आणि २०१३ च्या कायद्याने मालकाचे घर हीसुद्धा आपली कामाची जागा आहे. तिथे लैंगिक छळ झाला तर तीन महिन्यांच्या आत जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते.

तेव्हा वस्तीत नवी बाई आली, की नुसता धीर देऊन थांबू नका. तिला दर सांगा, नोंदणीला सोबत जा आणि आधी तिचे नाव विचारा. या शहरात मला पहिल्यांदा नावाने हाक मारली ती याच बायकांनी.