घाटाच्या पायऱ्या आणि मत्स्यपेटीचा पंप

काशीचा रामघाट महाराष्ट्रीयांना परका नाही. पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट आणि रामघाट या परिसरातील अरुंद गल्ल्यांत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत, आणि रामघाटावरील सांगवेद विद्यालयाचे नाव वेदाध्ययन करणाऱ्यांना ठाऊक आहे. परंतु आज मी आपणांस घाटाचे माहात्म्य सांगणार नाही. घाटाच्या पायऱ्या पाणी चढवण्याविषयी जो धडा देतात, तो घरातील काचेच्या मत्स्यपेटीच्या कामी कसा येतो, एवढेच सांगण्याचा विचार आहे.

ज्येष्ठात गंगा आटलेली असते. त्या वेळी घागर भरून वर यायचे म्हणजे कितीतरी पायऱ्या चढाव्या लागतात. श्रावणात पाणी वर आले की त्यांतील पुष्कळशा बुडून जातात आणि तीच घागर थोडक्या श्रमांत घरी पोहोचते. नदीचा तळ हलला नाही, घर हलले नाही. पाण्याचा पृष्ठभाग तेवढा वर आला. वाराणसीत गंगेची धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर मानली जाते, आणि १९७८ च्या सप्टेंबरातील महापुरात पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत चढले होते. उन्हाळ्यात ते याहून दहा मीटरांपेक्षाही खाली जाते. भदैनीला नदीचे पाणी उचलून शहराच्या जलकलाकडे पाठवणाऱ्या पंपांना हा चढउतार दरसाल सोसावा लागतो. सारांश, पाणी किती उंच चढवायचे हे तळापासून मोजायचे नसते. एका पृष्ठभागापासून दुसऱ्या पृष्ठभागापर्यंत मोजायचे असते.

आता मत्स्यपेटीकडे वळू. हौशी लोक मोठ्या पेटीच्या खाली कपाटात एक दुसरा हौद ठेवतात. त्याला ते ‘संप’ म्हणतात. मराठी माणसाला या शब्दाने थोडे दचकायला होते, आणि ते बरेच आहे. कारण वरचा पंप ज्या दिवशी खरोखर संपावर जातो, त्या दिवशी माशांच्या जिवावर बेतते. वरच्या पेटीतील पाणी काठाशी केलेल्या खाचेवरून खाली येते, गाळणीतून आणि सच्छिद्र खड्यांतून जाते, आणि शेवटच्या कप्प्यातला पंप ते पुन्हा वर धाडतो. त्या खड्यांवर वसलेले जिवाणू माशांच्या मलमूत्रातील विषारी अमोनियाचे आधी नायट्राइट व मग त्यामानाने निरुपद्रवी नायट्रेट करतात. त्यांना प्राणवायू लागतो, आणि तो वाहत्या पाण्यातूनच मिळतो. म्हणून हा लहानसा पंप त्या काचेच्या जगाचे हृदय होय.

हे हृदय निवडताना ग्राहक बहुधा एकच आकडा पाहतो. खोक्यावर ‘ताशी ३००० लिटर’ असे छापलेले असते. तो आकडा खोटा नसतो. पण पाणी मुळीच वर चढवायचे नसेल तेव्हाचा तो असतो. शेजारी आणखी एक आकडा असतो, ‘कमाल उंची ३ मीटर’. त्याचा अर्थ पंप तीन मीटरांवर पाणी देईल असा नव्हे. तीन मीटरांवर पाणी नळीत नुसते उभे राहील आणि एक थेंबही बाहेर पडणार नाही, असा आहे. आपले काम या दोन टोकांच्या मध्ये कोठे तरी होते. उंची आणि प्रवाह यांचा आलेख चांगले कारखानदार पंपासोबत देतात. खरेदीपूर्वी तोच मागून घ्यावा.

एक उदाहरण करून पाहू. आतून १२० सेंटीमीटर लांब, ४५ रुंद आणि ४५ उंच अशी पेटी घेतली, तर तिच्यात काठोकाठ २४३ लिटर पाणी मावते. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वगळता सुमारे २२० लिटर धरू. गोड्या पाण्याच्या पेटीत खालच्या हौदातून तासाला तीन ते पाच वेळा पाणी फिरले म्हणजे साधारणपणे पुरते. पाच वेळा धरल्यास ताशी ११०० लिटर झाले. दोन्ही पृष्ठभागांमधील अंतर सव्वा मीटर असले, तर नळीचे घर्षण आणि वळणे यांपोटी आणखी तीस-चाळीस सेंटीमीटर त्यात मिळवावे. म्हणजे आपल्याला १.६ मीटर उंचीवर ताशी ११०० लिटर देणारा पंप हवा. खोक्यावर अडीच-तीन हजारांचा आकडा असलेला पंपच बहुधा ते काम करील. बाराशेचा आकडा पाहून घेतलेला पंप नुसता कण्हत बसेल.

नळीची निवडही तितकीच महत्त्वाची आहे. प्रवाह तोच ठेवून नळीचा आतील व्यास निम्मा केला, तर घर्षणाने होणारी हानी सुमारे बत्तीसपट होते. पंपाच्या तोंडाला बारीक नळी जोडून मोठा पंप विकत घेणे म्हणजे मोटेला दोन बैल जास्त जुंपून धाव अरुंद करण्यासारखे आहे. रुंद नळी, थोडी वळणे आणि सौम्य वाक, एवढ्याने स्वस्तात पुष्कळ साधते.

कोणी म्हणेल, मग मोठाच पंप का घेऊ नये? कारण मोठेपणाची किंमत दररोज मोजावी लागते. आपल्या उदाहरणातील पाणी चढवण्याचे निव्वळ काम अवघे ५ वॉटचे आहे. पण लहान पंप त्यासाठी तीस वॉट सहज घेतो. बाकीची बहुतेक ऊर्जा उष्णता होऊन पाण्यातच उतरते. तीस वॉटचा पंप अहोरात्र चालला, तर वर्षाला सुमारे २६३ युनिट वीज खातो. काशीच्या किंवा विदर्भाच्या उन्हाळ्यात पेटीचे पाणी आधीच तापलेले असते. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि त्यात या उष्णतेची भर पडते. शिवाय वरून खाली उतरणारी वाट जेवढे पाणी नेऊ शकते, त्याहून अधिक पाणी वर पाठवले, तर ते घरातील फरशीवरच यायचे.

आणि शेवटी विचारावे ते माशाला. गंगेच्याच खोऱ्यातील दोन मासे पाहा. बोटिया जातीचे पट्टेरी मासे प्राणवायूने भरलेल्या वाहत्या पाण्यात खुलतात. उलट ‘ड्वार्फ गुरामी’ नावाचा इवलासा रंगीत मासा संथ, पाणवनस्पतींनी भरलेल्या पाण्यातला आहे. नर पृष्ठभागावर बुडबुड्यांचे घरटे बांधतो, आणि जोरदार धार ते घरटे मोडून टाकते. एकाला जे सुख, ते दुसऱ्याला संकट.

आता सर्वांत मोठ्या धोक्याविषयी. वीज गेली की पंप थांबतो, पण पाणी थांबत नाही. वर चढवणारी नळी आता वक्रनलिका बनते आणि तिचे तोंड उघडे पडेपर्यंत वरचे पाणी खाली ओढते. आपल्या पेटीत एका सेंटीमीटर खोलीला ५.४ लिटर पाणी असते. नळीचे तोंड पृष्ठभागाखाली दहा सेंटीमीटर असेल, तर ५४ लिटर पाणी खाली येईल. दोन सेंटीमीटर असेल, तर अकरा लिटरांच्या आतच. म्हणून तोंड उथळ ठेवावे, पृष्ठभागाच्या किंचित खाली नळीला हवा ओढणारे एक छिद्र पाडावे, शेवाळाने ते बुजू देऊ नये, आणि येणारे पाणी सामावेल एवढी जागा खालच्या हौदात रिकामी ठेवावी. एकमार्गी झडपेवर सारी भिस्त ठेवू नये. एखादा गोगलगाईचा शंखही तिला उघडी ठेवतो.

याच्या उलट प्रसंगही लक्षात घ्यावा. खाली येणारी वाट तुंबली, तर पंपाच्या कप्प्यातील सारे पाणी वर जाईल. वरच्या काठाशी चार सेंटीमीटर जागा मोकळी असेल, तर तेथे साडेएकवीस लिटर मावतात; तेव्हा कप्प्यातून उपसले जाणारे पाणी त्याहून कमीच असावे. मात्र कप्पा लहान केला, तर बाष्पीभवनाने तो लवकर आटतो आणि पंप कोरडा चालून जळतो. या दोहोंमधला मध्य ज्याचा त्याने साधायचा आहे. विजेच्या तारेला जमिनीकडे एक झोल द्यावा, म्हणजे ओघळ खटक्यापर्यंत जाणार नाही. गळती होताच वीज तोडणारे यंत्र बसवावे, आणि पाण्यात हात घालण्यापूर्वी खटका बंद करावा.

पंप बसवल्यावर पहिल्याच दिवशी, भर दुपारी, घरची माणसे जवळ असताना, तो स्वतःच्या हाताने बंद करावा. दहा मिनिटे पाणी कोठवर चढते ते पाहावे, तेथे एक खूण करावी, आणि मग पंप पुन्हा सुरू करून तो आपणहून पाणी वर धरतो की नाही ते तपासावे. मध्यरात्री वीज गेल्यावर हीच परीक्षा होणार असते. तेव्हा मात्र ती पाहायला कोणी जागे नसते. पंपाचा आवाज घरात ऐकू आला नाही म्हणजे आपण निर्धास्त होतो. पण त्या पेटीतील मुक्या जिवांना पाणी बदलायला दुसरी नदी नाही, एवढे ध्यानात ठेवूनच खोक्यावरचा आकडा वाचावा.