घरून काम, कंपनीची माहिती

पुण्या-मुंबईच्या कंपनीचं काम मुक्ताईनगरच्या घरातून करता, तेव्हा तिच्या ग्राहकांची माहितीही तुमच्या हाती असते. ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला होऊन सुमारे 94 कोटी रुपये गेले. असं नुकसान तुमच्यामुळे होऊ नये म्हणून कंपनीचा लॅपटॉप घरात इतरांना देऊ नका, वायफायचा मूळ पासवर्ड बदला. ‘आयटी विभागातून बोलतोय’ म्हणत कुणी ओटीपी मागितला, तर फोन ठेवा आणि कार्यालयाच्या नेहमीच्या नंबरवर स्वतः विचारा. कामाच्या खात्यात कुणी शिरल्याची शंका आली, तर भीतीपोटी लपवू नका, कंपनीला लगेच सांगा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या नियमानुसार अशी घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कंपनीने ती या संस्थेला कळवावी लागते. पैशांची फसवणूक झालीच, तर ताबडतोब 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.