मागचं दार उघडलं की



भारतात साठीपुढच्या सुमारे 88 लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे, असा 2023 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज. आपण बरेच जण मुंबई-पुण्यात, आईवडील कर्जत-खालापूरला.

कॅमेरा नको. न्हाणीघरात लावणार का तो? दाराला चुंबकाचा सेन्सर, खोलीत हालचाल टिपणारा, एवढं पुरतं. रोज सहाला स्वयंपाकघरात जाणारी आई आठपर्यंत गेली नाही, किंवा रात्री दोनला मागचं दार उघडलं, की फोन वाजतो. सेन्सर सेलवर महिनोन्‌महिने चालतात. पण आपल्याकडच्या पावसात वीज गेली की राऊटर बंद, म्हणून त्याला बॅटरी हवीच.

आणि फोन पुण्यात वाजून काय उपयोग? पहिला नंबर शेजारच्या काकूंचा ठेवा. त्यांना आधी विचारा. आईलाही विचारा, तिला समजतंय तोवर.