पहारेकऱ्याचे हत्यार



गोदामात बुरसटलेले पोते झटकले की उडणाऱ्या धुळीत ‘ॲस्परजिलस फ्युमिगॅटस’ या बुरशीचे बीजाणू असू शकतात. आकार अवघा 2 ते 3 मायक्रॉन. म्हणून ते थेट फुप्फुसाच्या वायुकोशांत उतरतात. तेथे पहाऱ्यावरच्या भक्षकपेशी त्यांना गिळून आम्लात जिरवतात. पण बीजाणूवरील मेलॅनिन ते आम्लच पुरते तयार होऊ देत नाही. अंकुर फुटला की बुरशी ग्लायोटॉक्सिन हे विष सोडून धावून आलेल्या पांढऱ्या पेशींनाही लुळे करते.

धडधाकट माणूस बहुधा निभावतो; क्षयाने पोखरलेले फुप्फुस सापडते. क्षयातून उठलेल्या हमालाला आम्ही पुन्हा त्याच धुळीत जाऊ दिले, ही आमची चूक. म्हणून आता मजुरीच्या दराआधी आम्ही मागतो : कोरडे गोदाम, खेळती हवा, तोंडाला मास्क.